धम्मपालने घेतलेलं हलकं मशीन

सानपाड्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळ्यापासून कॉर्डलेस मशीनपर्यंत सगळं मिळतं. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मी ओळखतो की हा घेणार, की नुसता हात लावून जाणार. निदान गेल्या वर्षीपर्यंत माझा तसा समज होता.

धम्मपाल सुतार. सुतार हे त्याचं आडनाव नव्हे, कसब. हिंगोलीकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतला माणूस. घरात कुणी कधी रंधा धरलेला नव्हता. सतराव्या वर्षी इकडे आला, वाशीत इमारतींच्या सेंट्रिंगला लागला आणि फळ्या ठोकता ठोकता एका मालवणी मिस्त्रीच्या हाताखाली गेला. त्या मिस्त्रीने दोन वर्षं त्याला फक्त पटाशीला धार लावायला बसवलं. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नसायची, उलट शाळेचं नाव सांगावं तसं सांगायचा.

नवी मुंबईतल्या जुन्या फ्लॅटांना एक ठरलेला रोग आहे. बाथरूमच्या लाकडी चौकटीचा पाय पाणी पिऊन कुजतो. बाकीचे मिस्त्री अख्खी चौकट उखडतात. तिच्याबरोबर टाइल्स फुटतात, प्लास्टर पडतं, आणि घरमालक डोक्याला हात लावून बसतो. धम्मपाल कुजलेला वीतभर भाग तेवढा कापून काढायचा आणि तिथे जुन्या सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवायचा. तो सागवान मिळवायला तुर्भ्याच्या भंगारवाल्यांकडे अर्धा अर्धा दिवस उकिडवा बसायचा. रंग लागल्यावर सांधा कुठे आहे ते त्यालाही शोधावं लागे. या कामाला खोट एकच, ते दिसत नसे, म्हणून त्याची कुणी तारीफही करत नसे. मी करायचो, पण तोंडावर नाही. कारागिराची तोंडावर तारीफ केली की तो उधार मागतो, असं माझे वडील म्हणत.

मागच्या दिवाळीनंतर तो दुकानात आला आणि कॉर्डलेस मल्टी-टूल दाखवा म्हणाला. हे मशीन मूठभर असतं. पुढच्या तोंडाला बोटभर रुंदीची पाती लागते आणि ती गोल फिरत नाही, जागच्या जागी डावी-उजवी थरथरते. त्यामुळे भिंतीला लागून उभ्या असलेल्या चौकटीतसुद्धा सरळ घुसून कापता येतं. हातोडा नको, पटाशी नको. वायर नसल्याने ज्या घराची लाइट तोडलेली आहे तिथेही चालतं. धम्मपालच्या कामासाठीच कुणीतरी बनवलं म्हणावं असं.

"इतकी वर्षं पटाशीवर काढली, आता कशाला?" मी म्हणालो.

"हातोड्याचा आता कंटाळा आलाय शेठ," एवढंच तो बोलला.

माझ्याकडे तीन मशीनं होती. एक स्वस्तातलं, कुणा अनोळखी कंपनीचं. ते त्याने हातातही घेतलं नाही. दुसरं बारा व्होल्टचं, हलकं, सुटसुटीत. तिसरं अठरा व्होल्टचं, जड. त्याचं तोंड आणि मूठ यांच्यामध्ये रबर होतं, म्हणजे थरथर पातीपाशीच राहते, हातापर्यंत येत नाही. शिवाय धम्मपालच्या जुन्या ड्रिलची बॅटरी त्या तिसऱ्याला चालत होती.

महिनाभरात तो पाच वेळा आला. येऊन मशीन बघायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. पाती बदलायला पाना लागतो का, बटण सरकवायचं आहे की दाबून धरायचं, बॅटरी मागे लावल्यावर तोल कुठे जातो, सगळं विचारून झालं. आणि हे सगळं डाव्या हाताने. उजवा हात पँटच्या खिशात. मला वाटलं, माज आलाय. मी एकदा म्हणालोही, "धम्मपालभाऊ, मुलगी बघायला आलाय का? तीन वेळा कांदेपोहे झाले, आता होकार तरी द्या." तो हसला.

चौथ्या खेपेला त्याने विचारलं, "शेठ, ह्याच्याने हाताला मुंग्या किती येतात?"

दुकानात तेव्हा दोन कॉन्ट्रॅक्टर उभे होते. त्यांच्यापुढे मला चेव आला. "मुंग्या?" मी म्हणालो. "मिस्त्री आहात की नवी नवरी?" दोघे कॉन्ट्रॅक्टर खो खो हसले. धम्मपालने मान खाली घातली आणि पात्यांचं पाकीट उलटंसुलटं करत बसला.

ते दोघे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "एका फळीवर चालवून बघू काय? दोन्ही बघतो. दोन मिनटं."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मशीन हवेत चालवून दाखवायचं, लाकडाला लावू द्यायचं नाही. लाकडाला लागलं की ते जुनं झालं, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवं म्हणून देता येत नाही. मी ही रीत आयुष्यात कुणासाठी मोडली नव्हती आणि धम्मपालसाठी मोडावी असं मला काही कारण दिसलं नाही. "घ्या आणि घरी जाऊन सगळी चाळ कापा," मी म्हणालो.

पाचव्या खेपेला त्याने जड मशीन पहिल्यांदाच उजव्या हातात घेतलं. बॅटरी लावलेली होती. ते त्याच्या हातात राहिलंच नाही, तोंड खाली कलंडलं आणि काउंटरच्या काचेवर आपटता आपटता मी धरलं.

"झेपायचं नाही तुम्हाला हे," मी म्हणालो. "हलकं घ्या. वय झालं आता."

त्याने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होता असं आता वाटतं; तेव्हा मला फक्त काचेची काळजी होती. मग त्याने हलकं मशीन पुढे ओढलं आणि म्हणाला, "द्या हेच."

त्या मशीनवरचं पहिलं काम मीच त्याला मिळवून दिलं होतं. सीवूड्सला करावे गावाच्या बाजूला सरोजिनीबाई राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या तीन चौकटी कुजल्या होत्या. पहिली चौकट एका दिवसात झाली, बाई खूश. दुसरीला दोन दिवस लागले. तिसरीच्या दिवशी दुपारी बाईंचा मला फोन आला.

"तुमच्या मिस्त्रींना घेऊन जा हो," त्या म्हणाल्या. "बाथरूममध्ये रक्त पडलंय. मी म्हटलं, अहो, रक्त येतंय. तर ते उठून उभे राहिले आणि इकडे तिकडे बघायला लागले, कुणाला लागलं म्हणून. मलाच विचारलं, ताई, तुमाला लागलं काय?"

दोन बोटांची टोकं गेली होती. हलक्या मशीनच्या थरथरीने उजवा हात तीन दिवसांतच इतका बधिर झाला की त्याने मशीन डाव्या हातात घेतलं होतं आणि उजव्याने चौकट दाबून धरली होती. पाती चौकटीतून निसटून बोटांवर आली. त्याला कळलंच नाही.

पट्टी बांधलेला हात घेऊन तो पंधरा दिवसांनी दुकानात आला. मी त्याला स्टूल दिलं, चहा मागवला. आणि मग सगळं कळलं. पंचवीस वर्षं हातोडा, कटर आणि भिंत फोडायची मशीनं यांनी त्याच्या उजव्या हाताच्या नसा गेल्या होत्या. दोन वर्षांपासून सकाळी बोटं पांढरी पडायची. डॉक्टरने त्याला साफ सांगितलं होतं की हातोडा बंद कर, थरथरणारं मशीन शक्यतो धरू नको, आणि धरलंच तर ज्याची थरथर हाताला लागत नाही असलं बघून घे. तसं केलंस तर दोन-तीन वर्षं निघतील.

"मग बोलायचं ना मला," मी म्हणालो.

"कसं बोलणार शेठ? सुताराचा हात गेला हे एकदा तुमच्या दुकानात कळलं, की संध्याकाळपर्यंत ऐरोलीपर्यंत कळतं. मग फोन कोण करणार?"

हे खरं होतं. माझ्या काउंटरवर मी किती मिस्त्रींची आयुष्यं अशी चहाबरोबर उलगडली आहेत त्याला मोजमाप नाही.

मी वाट बघत होतो. आता तो म्हणेल की मी तुम्हाला मुंग्यांचं विचारलं होतं. आता म्हणेल की फळीवर लावून बघू दिलं असतं तर मला पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. त्याने म्हणावं अशी माझी इच्छा होती. म्हणाला असता तर मी उलट काही बोललो असतो, दोघं भांडलो असतो, आणि मला घरी जाऊन जेवता आलं असतं. तो मात्र चहाचा कप डाव्या हातात धरून मागच्या फळीवरची मशीनं बघत राहिला.

"पोरगी बारावीला हाय," तो म्हणाला. "बायकोने, संघप्रियाने, दोन घरची भांडी धरलीत. मी घरात बसून काय करू? तिकडे सोसायटीत वॉचमनला विचारलं, तर ते म्हणतात रजिस्टर लिहायला हात पाहिजे."

मग स्टूल जवळ ओढून त्याने ते विचारलं, जे विचारायला तो आला होता.

"शेठ, दुकानात एक माणूस ठेवाल काय? माल उचलायला नाही जमणार. पण मशीन घ्यायला कोण आलं, तर कुणाला कुठलं द्यायचं ते मला कळतं. त्याचं काम बघून सांगीन, हात बघून सांगीन. जास्त नको मला. डोळे आहेत अजून."

मला माणूस हवाच होता. दोन महिने मी शोधत होतो, दाराला तसा कागदही चिकटवला होता. तो आत येताना धम्मपालने वाचला असणार. आणि त्याच्यापेक्षा बरा माणूस मला या नवी मुंबईत मिळाला नसता हे मला त्याच क्षणी कळलं. पण मग रोज सकाळी शटर वर केलं की तो हात समोर. गिऱ्हाइकाला तो मशीन दाखवणार, मुंग्या किती येतात ते सांगणार, आणि मी गल्ल्यावर बसून ऐकणार. मला ते सोसणार नव्हतं.

"धंदा थंड आहे सध्या," मी म्हणालो. "तो कागद जुना आहे. काढायचा राहिलाय."

"बरं," तो म्हणाला. त्याने कप खाली ठेवला, पायरी उतरला, आणि माझ्यावर उपकार म्हणून जाता जाता दारावरचा तो कागद डाव्या हाताने नीट सोलून काढला, घडी करून आत आणून दिला.