देवाच्या फळीखाली

देवाचा अनुभव लिहिणारी माणसं आधी हात जोडतात आणि मग लिहायला बसतात. मी त्या दुपारी भर समुद्रात देवाला शिवी दिली होती, आणि ती अजून मागे घेतलेली नाही. शेजारणी म्हणतात, असलं लिहू नका, पाप लागतं. लागू दे. झालेलं गोड करून सांगितलं तर तो माझा अनुभव राहणार नाही, कुठल्या तरी पोथीतला होईल. माझा स्वभाव तापट आहे, लग्नाच्या आधीपासून आहे. ज्याने तो दिला त्याला तरी तो माहीत असायला हवा.

आधी नावेचं सांगते, कारण भिलाईच्या माणसाने समुद्रात चालणारी नाव बांधली म्हटलं की लोक हसतात. भिलाईतल्या आमच्या रुआबांधा वस्तीहून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. माझे यजमान स्टील प्लांटात लोखंडाच्या प्लेटा कापायच्या आणि जोडायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर माणसं भाजीची पिशवी घेऊन बाजाराला जातात, मंदिराच्या ओट्यावर बसतात. यांनी जवळच्या उतई गावाच्या वाटेवर ओळखीच्या एकाच्या शेतात शेड ठोकली आणि महासागर ओलांडू शकेल अशा शिडाच्या यॉटचं पोलादी अंग स्वतःच्या हाताने वेल्ड करायला घेतलं. आराखडा परदेशातला, लोखंड इथलं आणि दुपारचा डबा माझा. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "काकू, भिलाईत पूर येनार हाय का?" मी त्यांच्यासमोर हसायची आणि घरी येऊन यांच्यावर उखडायची. पण त्या शेडमध्ये यांचा चेहरा मी पाहिला होता. इतकी वर्षं प्लांटातून घरी येणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. म्हणून डबा कधी चुकवला नाही.

नावेचं अंग पूर्ण झालं तेव्हा विश्वकर्मा पूजा आली होती. प्लांटातल्या माणसाला ही पूजा दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी यंत्रं बंद ठेवतात, धुतात, पुसतात, त्यांना शेंदूर लावून हार घालतात, आणि संध्याकाळपर्यंत कुणी हत्यार उचलत नाही. नवं यंत्र बसवायचं असलं तर पायाच्या खड्ड्यात आधी तांबं ठेवायचं, वर सुपारी, अक्षता. यांचे जुने सोबती पूजेला आले आणि प्रश्न निघाला, नावेचा पाया कुठे असतो? सगळ्यांनी वाकून पाहिलं आणि ठरवलं की सगळ्यात खोल जागा तोच पाया. तिथे, लोखंडाच्या दोन फासळ्यांच्या मधल्या खोबणीत, तांब्याचं छोटं ताम्हण ठेवलं. शेंदूर मी लावला. वर लाकडाची फळी बसवून यांनी ती पेचांनी घट्ट केली. एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, "आता देव बसला. हे फळी उघडाची नाई." मग सगळ्यांनी बुंदी खाल्ली. आयुष्यभर लोखंडात राबलेली ती माणसं होती, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा पाया जमिनीत नाही, खाऱ्या पाण्यात राहणार आहे.

नाव ट्रेलरवरून विशाखापट्टणमला गेली. तिथे डोलकाठी उभी राहिली, शिडं चढली आणि आम्ही दोघं म्हातारपणी नाव हाकायला शिकलो. वारा वाढला की शीड कसं आखूड करायचं, नांगर धरला की नाही ते कसं ओळखायचं, होकायंत्र कसं वाचायचं, सगळं. आणि दुरुस्ती! पोलादी नाव समुद्रात ठेवणं म्हणजे मांजरीच्या पुढ्यात दूध ठेवून राखण करत बसणं. आज इथे गंज खरवडा, उद्या तिथे रंग लावा. नावेच्या पोटाला बाहेरून जस्ताच्या वड्या लावलेल्या असतात. समुद्राचं पाणी आधी जस्त खातं आणि तोवर लोखंड वाचतं, म्हणून त्या वड्या झिजल्या की बदलायच्या. हे यांनी एकदाही चुकवलं नाही. आतलं लोखंडही कोपऱ्याकोपऱ्यातून तपासायचे. फक्त ती एक फळी सोडून. रोज तिच्यापुढे उदबत्ती लागायची.

दोन हिवाळे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून झाल्यावर आम्ही अंदमानला निघालो. वारा चांगला होता, समुद्र शांत होता. किनारा दिसेनासा होऊन काही दिवस झाले होते तेव्हा एका दुपारी मी जेवणाची भांडी आवरत होते आणि तळाचं पाणी उपसणारा पंप सुरू झाला. तो एरवीही सुरू होतो आणि लगेच थांबतो. त्या दुपारी थांबला नाही.

यांनी फळ्या उचलल्या. खाली पाणी होतं. चाखून पाहिलं, खारट. मग सगळं तपासलं. प्रोपेलरचा दांडा जिथून बाहेर जातो ती जागा ठीक, पाण्याचे सगळे कॉक ठीक, नळ्या ठीक. आम्ही दोघं आळीपाळीने हातपंपही मारत होतो, तरी पाणी बोटबोट वर चढत होतं. रेडिओवर हाका मारल्या. नुसती खरखर. धोक्याचा संदेश देणारं एक यंत्र नावेत असतं. त्याचं बटण दाबलं की किनाऱ्यावर कळतं आणि कुणीतरी शोधायला निघतं. मी ते भिंतीवरून काढलं.

"ऐका न, दाबते मी बटन."

"थांब जरा. कुठून येऊन राहिलं ते सापडते आता."

"कवा सापडते? बुडल्यावर?"

"बटन दाबलं का ते मानसं नेतात, नावेले नाई नेत. इथंच सोडून देतात." हे पंप मारतच होते, माझ्याकडे पाहत नव्हते. "तुले जायचं त जाय. मी नाई येत."

मी यांना ओळखते. हा माणूस रागात काही बोलला तर मी सोडून देते, पण हळू आवाजात बोललेलं खरं करतो. मी बटण दाबलं. यंत्रावरचा दिवा लुकलुकायला लागला. पण मदत यायला किती वेळ लागेल ते कोण सांगणार? आणि आली तरी हे नावेतून उतरणार नाहीत, हे मला कळून चुकलं होतं.

मग मला आयुष्यभर जे शिकवलं गेलं होतं ते केलं. फळीपुढे गुडघ्यावर बसले, डोळे मिटले, हात जोडले. म्हटलं, बाबा, सगळं तुझ्यावर सोडलं. सगळे सांगतात की असं मनापासून म्हटलं की आत शांती उतरते. माझ्या गुडघ्यांना पाणी लागलं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. इतका राग मला त्याआधी कुणाचाही आला नव्हता, सासूचाही नाही. मी ओरडले, "मुडद्या! इतके साल तुले हार घातले, उदबत्त्या लावल्या, माह्या मानसानं जिंदगीभर तुह्या भट्टीपुढं रक्त आटवलं, अन् तू इथं बसून आमाले बुडवून राहिला? निघ माह्या नावेतून! आमी बुडनार त आधी तू बुडशीन!" आणि मी पेचकस उचलला.

"अवं, हात नको लावू! देवाची जागा हाय ते!" हे पंप टाकून धावले.

"देव असता त पानी आलं असतं का?"

पाणी चढताना पाहून हे पुन्हा पंपाकडे पळाले. पेच गंजले होते. मी त्यांच्यावर सगळा राग काढला. हाताची सालं निघाली तेव्हा फळी उचकटली. पाण्यात हात घातला, चाचपडत ताम्हण धरलं आणि ओढलं. ते गंजाच्या पापुद्र्यात रुतलेलं होतं, खसकन निघालं. त्याबरोबर खालून पाण्याने माझ्या मनगटाला धक्का दिला. साचलेल्या पाण्याला खालून असा जोर? मी पुन्हा हात घातला. नावेच्या तळाला भोक होतं आणि त्यातून समुद्र आत येत होता. देवाच्या बरोबर खाली.

मी तळहात त्यावर दाबून धरला. यांना हाक मारली ती कशी मारली ते आठवत नाही. हे आले, माझ्या हाताशेजारी बोटांनी चाचपून पाहिलं, आणि यांचा चेहरा एकदम कामाला लागलेल्या मिस्त्रीचा झाला. मी लाकडी खुंटी मागितली. नावेत तशा खुंट्या ठेवलेल्याच असतात.

"खुंटी ठोकाची नाई. बाजूचं लोखंड पापडावानी झालं. ठोकलं त सारंच फाटन. तू हात काढू नको."

मी हात काढला नाही. यांनी रबराचा तुकडा कापला, लोखंडाची पट्टी शोधली, वरच्या तुळईपर्यंत पोचेल असा लाकडाचा टेकू करवतीने कापायला घेतला. तोवर मी पाण्यात वाकून बसले होते, गाल जवळजवळ पाण्याला लागलेला, तळहाताला खालून समुद्र ढुसण्या देत होता. शिव्या चालूच होत्या. मधूनच कळलं की शिव्यांच्या मध्ये मी "धरून ठेव, धरून ठेव" म्हणतेय. स्वतःला म्हणत होते की त्याला, खरंच सांगता येत नाही. हाताला रग लागली आणि मग हात आहे की नाही तेही कळेना. आता सुटणार असं वाटलं. सुटला नाही. माझ्यात तेवढी ताकद नव्हती, एवढंच मी सांगू शकते.

यांनी माझ्या हाताखालून रबर सरकवलं, वर पट्टी, वर टेकू, आणि बाजूने पाचर हळूहळू दाबत नेली. मी हात काढला. पाणी यायचं थांबलं नव्हतं, पण झिरपण्यावर आलं होतं. पंप आता आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त उपसत होता. पाणी उतरताना त्याची ओली रेघ भिंतीवर दिसायला लागली तेव्हा हे खाली बसले आणि रडले. लग्नानंतर मी यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी नाही रडले. मी ताम्हण हातात घेऊन बघत होते. ते नव्यासारखं लखलखत होतं! आमचं पोलाद गेलं आणि ताम्हणाला डागसुद्धा नाही.

यांनी समजावून सांगितलं. नाव हलताना ताम्हणाने घासून तळाचा रंग ओरखडला. खोबणीत खारं पाणी साचत राहिलं. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की लोखंड झिजतं. बाहेर जस्त जे करतं त्याच्या बरोबर उलटं. "मले मालूम होतं हे," हे म्हणाले. "पन देवाच्या जागी कोन असा इचार करते?"

संध्याकाळी एक मालवाहू जहाज आलं. धोक्याचा संदेश मिळाल्यावर त्याला आमच्याकडे वळवलं होतं. कुठल्या देशाची माणसं होती कोण जाणे, हिंदी येत नव्हतं. त्यांनी दोरीने एक मोठा पंप खाली सोडला, हात हलवले, आणि आमचं पाणी पूर्ण उतरेपर्यंत शेजारी थांबून राहिले. यांना नाव सोडावी लागली नाही. मला यांना सोडावं लागलं नाही. त्या माणसांचं भलं होवो, नावं मला कधी कळणार नाहीत.

पोर्ट ब्लेअरला नाव पाण्याबाहेर काढून यांनी स्वतः तिथे नवी प्लेट जोडली. ताम्हण परत आत ठेवायचं का, हे मी विचारलं नाही आणि यांनीही नाही. ते आता भिलाईच्या घरी देवघरात आहे.

मी हे बऱ्याच जणांना सांगितलं. भाविक म्हणतात, चमत्कार. शिकलेले म्हणतात, तुमच्या देवानेच भोक पाडलं, मग आभार कसले? दोघांशी वाद घालायचा मला कंटाळा येतो. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दुपारी मी शांतपणे हात जोडून बसले असते तर आम्ही दोघं गेलो असतो. ती फळी भक्तीने कुणीच उघडणार नव्हतं. ती रागाने उघडली, आणि तेवढा राग माझ्यात कुठून आला हे मला माहीत नाही. शरण जाणं म्हणजे तोंड मिटून बसणं, असं मला सांगितलं होतं. मला वाटतं ते अर्धवट आहे. माझ्याजवळ त्या वेळी रागाशिवाय काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी तोच त्याच्यापुढे आपटला. त्याने तोही घेतला. देवघरात वाहिलेली फुलं त्याने घेतली की नाही, ते मात्र मला कधीच कळलं नव्हतं.

त्या दुपारबद्दल मी त्याची ऋणी आहे, आणि मी त्याच्यावर चिडलेलीही आहे. दोन्ही एकदम असू शकतं हे मला साठी उलटल्यावर कळलं.

नावेत असलो की रोज सकाळी चहाच्या आधी मी ती फळी उचलते. आता तिला पेच नाहीत. गुडघे टेकून, वाकून खोबणीत हात घालते आणि लोखंडावरून तळहात फिरवते. हे वरून विचारतात, "झाली का पूजा?" हात कोरडा निघाला की मी म्हणते, "झाली. आज भांडन नाई."