केळीच्या गावातून रिकाम्या हाताने

आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि दोन महिन्यांपासून प्रत्येक ताटाला "नको" म्हणत होती. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, जे मागतील ते द्या. पण ती काही मागतच नव्हती. मग जानेवारीतल्या एका संध्याकाळी म्हणाली, "आपल्या स्टेशनवरची केळी मिळतील का गं?"

माझे वडील रेल्वेत मालबाबू होते. भुसावळच्या पुढे, रावेरकडच्या एका लहान स्टेशनावर मालगाडीच्या वाघिणींत केळी भरली जायची आणि शेतकरी जाता जाता एखादा घड आमच्या क्वार्टरमध्ये ठेवून जायचे. स्वयंपाकघरातल्या हुकाला तो टांगलेला असे. पिकला की आई मला केळ्यांच्या ताटल्या घेऊन क्वार्टरांमधून घरोघरी पिटाळायची. मी कुरकुरत जायची. ताटल्या मात्र कधी मोकळ्या परत आल्या नाहीत, कुणाकडून चिवडा यायचा, कुणाकडून लोणच्याची फोड.

मी नाशिकच्या बाजारातून तीन प्रकारची केळी आणली. आईने एकेक घास खाऊन ताटली सरकवली. "ही केळी नाहीत, खडू आहेत."

म्हणून मी निघाले. शेजारच्या वहिनींनी दोन दिवस आईजवळ राहायचं कबूल केलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: नाशिकरोडहून सकाळची गाडी घ्या आणि खिडकी सोडू नका. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, मग भुसावळ, चारेक तासांचा प्रवास. पाचोऱ्यापर्यंत कापूस आणि मका दिसतो. भुसावळच्या पुढे तापी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळी सुरू होते आणि मग दुसरं काहीच दिसत नाही. भुसावळहून रावेरकडे जाणारी एसटी घ्या, आम्हा बायकांना अर्धं तिकीट. फाट्यावर उतरून गावापर्यंत रिक्षा, माणशी वीस रुपये. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे बघण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच मला ते आवडतं.

फाट्यावर पुष्पा उभी होती. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. तिथे सिस्टरांनी आम्हाला काटा-सुरीने केळं खायला शिकवलं होतं. केळीच्या मळ्यात वाढलेली पुष्पा त्या तासाला इतकी हसली की तिला वर्गाबाहेर उभं केलं. लग्न होऊन ती केळीच्याच गावात आली.

"काटा-सुरी आणली का?" हा तिचा पहिला प्रश्न.

घरी पोचल्यावर पाहुणी म्हणून माझ्यापुढे फळं आली. सफरचंदं.

"पाहुण्याला कोणी केळं देतं का?" पुष्पाच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं. ताठ बांधा, डोक्यावर पदर, आवाज खणखणीत. "केळं म्हनजे घरचंच. अन् पिकलेलं आथी कोनाघरी सापडनार न्हाई. बठ्ठं हिरवंच जाते गाडीत."

खरंच होतं ते. सबंध शिवार केळीचं, आणि गावात पिकलेलं केळं एकही नाही.

दुपारी पुष्पाच्या मळ्यात कापणी होती. जुने कपडे घालून जा, केळीच्या चिकाचा डाग जन्मभर जात नाही. माझ्या बदामी कुर्त्यावर आता एक आहे. मळ्यात शिरलं की ऊन बाहेरच राहतं. घडांना निळ्या पिशव्या, पायाखाली ठिबकच्या नळ्या, ओल्या मातीचा वास. एक जण विळ्याने घड उतरवतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो, बायका त्याच्या फण्या वेगळ्या करून हौदात धुतात. मळ्याच्या बांधाला मुंबईचा ट्रक उभा होता.

मी पुष्पाला म्हटलं, "आईला ती जुनी ठेंगणी केळी हवी आहेत. जाड सालीची."

"बसराई? ती आता कोण लावतं? बाजारात तिला विचारत नाहीत." मग ती थांबली. "अक्कांच्या न्हाणीमागे आहे एक बेट. पण त्याला अक्का कुणाला हात लावू देत नाहीत."

न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली तीन झाडं होती, माझ्या खांद्याएवढी. एकाला घड होता. मी ओळखला. अगदी आमच्या हुकावरचा.

अक्कांना आईचं सगळं सांगितलं. त्या विळा घेऊन आल्या. पण कापण्याआधी त्यांनी एका केळ्यावर अंगठा फिरवला. कडेवरून, हळूहळू, दोनदा.

"धार मोडली न्हाई अजून. हात लावून पाह्य."

मी अंगठा फिरवला. केळ्याच्या कडा धारदार लागत होत्या. भरलेल्या केळ्याच्या कडा गोल होतात, त्यालाच धार मोडणं म्हणतात.

"थंडीनं थांबलं ते," अक्का म्हणाल्या. "धा-बारा दिवस पाह्यजेत. आज कापलं तं पिवळं होईन, पन गोड होनार न्हाई. खडूच लागीन तुह्या मायले. तुले पाह्यजे तं कापते. तू म्हन."

माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. या वयात बारा दिवस म्हणजे काय, हे अक्कांना सांगायची गरज नव्हती, त्या स्वतः ऐंशीच्या पुढच्या. विळा त्यांनी धरूनच ठेवला होता. मला आईची सरकवलेली ताटली आठवली.

"राहू द्या," मी म्हटलं.

अक्कांनी विळा भिंतीच्या भोकात खोवला. "तुही माय वाट पाहीन. मानूस वाट पाह्यत असलं तं लवकर जात न्हाई."

"अक्का, असं बोलतात का?" पुष्पा म्हणाली.

"मंग कसं बोलतात? तुह्या सिस्टरसारखं?"

संध्याकाळी मळ्यात भरीत झालं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजलेली हिरवी वांगी, कांद्याची पात, शेंगदाणे आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. खानदेशात हिवाळ्यातच जा, ते या एका जेवणासाठी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मनातून जरा खट्टूच होते.

घरी आले तर आईने आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"आणली?"

"झाडावर ठेवून आले. अजून धार मोडली नव्हती."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग बरोबर केलंस. किती दिवस?"

त्या दिवसापासून रोज सकाळी विचारायची, आज कितवा. विचारता विचारता अर्धी पोळी खायची.

अकराव्या दिवशी पुष्पाचा फोन आला. "अक्कांनी कापला. उद्या सकाळी आठला आडगाव नाक्यावर उभी राहा. मुंबईची गाडी आहे, धुळ्यावरून येईल."

ट्रक साडेनऊला आला. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर वाळक्या पानांत गुंडाळलेला घड बसला होता, चक्क बेल्ट लावून.

"आजीबाईंनी दम दिलाय," ड्रायव्हर म्हणाला. "म्हणे, केळं दबलं तर पुढच्या खेपेला मळ्यात पाय ठेवू नको. धुळ्याला चहालासुद्धा खाली उतरलो नाही ताई."

मी त्याला पैसे देऊ केले. "आईच्या खाण्याचं भाडं घेतात का?" म्हणाला आणि चहा मात्र दोन घेतले.

घड बाल्कनीच्या ग्रिलला टांगला. आईने आपली खुर्ची तिथे ओढून घेतली. सहाव्या दिवशी घरभर तो वास पसरला, क्वार्टरचा. मी एक केळं सोलून तिच्यापुढे धरलं.

"आधी वाटून ये," आई म्हणाली. "समोर कोण राहतं?"

नऊ वर्षं झाली आम्हाला या इमारतीत. समोरच्यांचं आडनाव मला पाटीवर वाचावं लागलं. त्रेसष्टाव्या वर्षी मी पुन्हा ताटल्या घेऊन जिने चढले, पाच घरं, आणि या वेळी कुरकुर फक्त गुडघ्यांची होती. परत येईपर्यंत आई तशीच बसून होती. मग तिने एक केळं खाल्लं आणि दुसरं मागितलं.

त्या गावी मी पुन्हा जाईन. अक्कांनी बेटातलं एक पिल्लू, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं रोप, माझ्यासाठी राखलंय, पण बाल्कनीत ते कुठे लावू हा प्रश्न आहे. चिकाच्या डागाचा तो कुर्ता टाकवत नाही.

आतापर्यंत चार ताटल्या परत आल्या आहेत. एकीत ढोकळा, एकीत तिळाची वडी, एकीत शेवयांची खीर, एकीत नुसती बोरं. आईने सगळ्यांतलं थोडं थोडं खाल्लं. तिसऱ्या मजल्यावरची ताटली अजून यायची आहे. आई रोज विचारते.