खाकी पलटणीचे डोळे

मुंबईची गिरणी बंद पडली आणि दादा रत्नागिरीला परत आला तो एक पत्र्याची पेटी आणि फुटलेलं डोकं घेऊन. डोकं गेटावरच्या पोलिसी लाठीने फुटलेलं. पेटीत चोरबाजारातून उचललेले शिशाचे सैनिक होते. बोटभर उंचीचे, विलायती, लाल डगल्याचे. कुणाला हात नाही, कुणाला मुंडकं नाही. आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना. रंगकाम माझ्याकडे असायचं, त्यामुळे ते मोडके शिपाई बघून माझे हात शिवशिवायला लागले.

आल्या आल्याच दादाने वहिनीवर हात उचललान. कारण काय, तर भात करपला! वहिनी मंडणगडकडची, शांत, पण शब्दाची पक्की. ओठाचं रक्त पुसून म्हणाली, "अहो, पुन्हा हात उचललात तर मंडणगडची एसटी धरीन. मग न्यायला येऊ नका."

ही बाई खरंच जाणार, हे मला लख्ख कळलं. आई गेल्यापासून त्या घरात माणसासारखं बोलणारी ती एकटीच होती. तिला जाऊ द्यायचं नाही, म्हणून मी दादाला त्या शिपायांच्या लढायांना जुंपलं.

खेळ तो मुंबईत एका म्हाताऱ्या पारशाकडे शिकला होता. पडवीत जांभ्याची ढेकळं मांडून घाट करायचा. अंतर मोजायला झाडूचा हीर, म्हणजे काडी. शिपाई एका डावात अर्धा हीर चालणार, बंदूक पुरा हीर मारणार, आणि मेला की वाचला ते फासा सांगणार. अर्ध्या शिपायांचे मी मावळे केले. करवतीच्या पात्याने विलायती टोप्या उडवल्या, लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, पगड्या वळल्या, बंदुका छाटून तारेचे भाले डाग देऊन बसवले. उरलेले टोपीकर इंग्रज. त्यांचा लाल रंग मात्र दादाने खरवडायला लावलान.

"खाकी मार यांना."

"तेव्हा इंग्रजांना खाकी नव्हती रे, दादा."

"मला ज्यांनी मारलं त्यांना होती. आणि डोळे काढू नकोस साल्यांना."

मेलेला शिपाई बाजूला ठेवायचा, असा खरा नियम. दादा खाकीवाल्याला चिऱ्यावर आडवा करायचा आणि हातोडी घालायचा. शिसं मऊ. एका घावात छाती बसायची, दुसऱ्यात मुंडकं पसरायचं. "घे! घे, भडव्या!" ओरडताना त्याच्या मानेच्या शिरा तटतटायच्या. मलाही चेव यायचा, खोटं कशाला बोलू? मीही ओरडायचो. मग ते चपटे मुडदे वितळवून मी नवी मुंडकी ओतायचो, नवे हात चिकटवायचो, खाकी मारायचो, आणि पलटण पुन्हा मरायला उभी.

"भाऊजी, तुमचे पोलीस मेले की माझा दिवस बरा जातो," वहिनी म्हणायची. हसत म्हणायची, पण होतं तसंच. ते शिसं चेचून झालं की दादा निवायचा, गपगुमान जेवायचा. तेव्हापासून तिच्या अंगाला हात लागला नव्हता.

श्रावण लागला आणि शाळेत मूर्तींची आखणी सुरू झाली. आखणी म्हणजे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटी. आणि आमच्यात एक कडक पाळायचं, डोळे आखलेल्या मूर्तीला पुन्हा हत्यार लावायचं नाही, सोंड वाकडी निघाली तरी नाही. एका दुपारी डोळे आखून आखून मी घरी आलो, खाकी पलटण रंगवायला घेतली, आणि हाताने आपली सवय केली. शेवटच्या शिपायाला बाहुली टेकवल्यावर मी भानावर आलो. च्यायला! अख्ख्या पलटणीला गणपतीचे डोळे. लांब, अर्धे मिटलेले, शांत.

पुसायला रॉकेल शोधतोय तोवर दादा येऊन बसला. पहिल्याच फाशाला एक खाकी पडला. दादाने त्याला चिऱ्यावर ठेवलं, हातोडी उचलली आणि ती वरच राहिली. तोही शाळेतच वाढलेला. दुसरा उचललान, तेच डोळे. तिसरा, तेच.

उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या वहिनीने वाकून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "अगो बाई, बाप्पा पोलिसात भरती झाले की!"

दादाने हातोडी टाकून तिच्या कानफटात मारलीन. ती खांबावर आदळली, भुवई फाटली, तांदळात रक्त सांडलं. मी दादाची गचांडी धरली आणि सरळ नाकावर गुद्दा घातला. आम्ही त्या सैन्यावरच लोळलो, भाले गुडघ्यांत घुसले. त्याने माझा गळा आवळला, मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. मला त्याला ठार मारायचं होतं.

"सोडा, भाऊजी."

वहिनी आम्हाला बाजूला करून मध्ये उभी राहिली. अर्धा चेहरा रक्ताने भरलेला. तिने खाली पडलेला एक शिपाई उचलून दादासमोर धरला.

"याच्या डोळ्यांना भ्यालात. मग माझे डोळे कोणी आखलेत, अहो?"

सकाळी मी तिला मंडणगडच्या एसटीत बसवलं.

गणपतीला सगळं कोकण घरी येतं. आमच्या मूर्तीचे डोळे मीच आखले होते. दादा आरतीला उभा राहिला, टाळ वाजवलेन, पण मूर्तीच्या तोंडाकडे काही त्याने पाहिलं नाही. वहिनी आली नाही. पुढेही कधी आली नाही. बरं केलंन तिने.