निर्मलाच्या नावाचं फाटक

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरी अरबला बहिणीकडे होते. आडेभाऊजी, म्हणजे तिचे यजमान, एवढंच म्हणाले, “ताई, निर्मला गेली... बोलता बोलता खाली बसली, अन् गेली.” मी मिळेल ती यवतमाळची एसटी पकडली. रडू यायला हवं होतं; आला तो संताप. छातीत जड वाटतं, असं ती कित्येक दिवस सांगत होती. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, “ॲसिडिटी हाय वं. एवढी मेथी निघू दे, मंग जाऊ.” मेथी निघाली. मग पालक आला. एवढी शहाणी बाई स्वतःच्या देहाशी अशी वागली, याचा मला अजून राग आहे, आणि भांडायला ती समोर नाही म्हणून तो उतरतही नाही.

आम्ही एकाच शाळेत होतो. ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. ती उमरखेडकडच्या तांड्यावरची. निवृत्त झाल्यावर आमच्या ले-आऊटमधल्या मोकळ्या जागेवर तिची नजर गेली. तिथे कचरा, गाजरगवत आणि डुकरं. नगर परिषदेने भाजीपाल्यासाठी ती जागा वापरू दिली तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, सरळ सऱ्या पाडू आणि वाटून घेऊ. निर्मला म्हणाली, “सऱ्या पाडायले वावरं आहेत ना. इथं माणसं आली पाह्यजे.” तिने चुन्याची पिशवी आणली, सगळी वाडी जमिनीवर रेखली आणि आम्हाला त्या रेघांमधून चालायला लावलं. दोन बायांना बोलत शेजारी शेजारी चालता येत नाही असं दिसलं की पायाने चुना पुसायची, वाट रुंद करायची. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या कमलाबाईंचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून काही वाफे विटा रचून कमरेइतके उंच केले. कडुनिंबाखालचा ओटा गोल बांधला. “लांब ओटा केला का कोणीतरी मधात बसते अन् बाकीचे त्याचं ऐकत बसतात.” पाण्याचा माठ आत नाही, रस्त्याच्या कडेला. आत यायच्या जागी दोन बुटक्या भिंती अशा घातल्या, की माणूस वळसा घेऊन सहज येईल, गाय मात्र अडेल. फाटक नाहीच. “आमच्या तांड्यात आलेल्याले आधी बस म्हणतात,” ती म्हणायची, “मंग नाव इचारतात.”

कॉलनी समितीचे अध्यक्ष पहिल्यापासून त्या फाटकाच्या मागे लागले होते. “मॅडम, नाल्यापलीकडचे लोक येऊन बसतात. उद्या चोऱ्या झाल्या तर? फाटक लावा, चाबी कॉलनीत ठेवा.” माठाला कोण कोण हात लावतं, यावरही कुजबुज होती. मोठ्याने कुणी म्हटलं नाही. शिकलेली माणसं असलं मोठ्याने म्हणत नाहीत. निर्मला त्यांना म्हणाली, “भाऊ, कमलाबाईचे वांगे तुमच्या घरी भरताले जातात, तव्हा नाला मधात येत नाही काय?” ते हसले. तीही हसली. मला हसू आलं नाही. एकदा चांगलं खडसाव त्यांना, असं मी बजावलं तर म्हणे, “वाडीत येऊन तर राह्यले ना ते. येऊ दे.” तिच्या या सबुरीने माझं डोकं तडकायचं.

तेरवी झाली आणि समितीने शोकसभा ठेवली... वाडीतच. मांडववाल्याने मांडवाच्या लाकडी बल्ल्या मेथीच्या वाफ्यात गाडल्या, कुणी त्याला अडवलं नाही. खुर्च्या रांगेत. गोल ओट्यावर माईक, हार घातलेला फोटो आणि अध्यक्ष. कमलाबाई नि वस्तीतल्या बाया मागे उन्हात उभ्या. मी कमलाबाईंना माझी खुर्ची द्यायला गेले. “जयभीम मॅडम, राहू द्या,” त्या म्हणाल्या. रोज ज्या ओट्यावर बसायच्या, त्याच्याकडे लांबून बघत राहिल्या.

मग अध्यक्षांनी जाहीर केलं, की निर्मलाताईंच्या स्मरणार्थ वाडीला भव्य प्रवेशद्वार उभारण्यात येईल. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी जागेवरूनच ओरडले, “तिला फाटक नको होतं! तुम्हाला चांगलं माहीत आहे. ती होती तोवर तुमचं चाललं नाही, आणि आता तिच्याच नावाने लावता?” अध्यक्ष माईकमधून हळुवार आवाजात म्हणाले, “मॅडम भावनेच्या भरात आहेत.” पहिल्या रांगेत भाऊजी मान खाली घालून बसले होते. मला त्यांचाही राग आला.

आमच्या गल्लीची तुंबलेली नाली साफ करायला या समितीला कधी सवड झाली नाही. फाटक मात्र बघता बघता उभं राहिलं. बुटक्या भिंती पाडल्या, वर कमान, कमानीवर निर्मलाचं नाव सोनेरी अक्षरांत. उद्घाटनाला फीत कापायला भाऊजींना बोलावलं. ती कापून झाल्यावर अध्यक्षांनी त्यांच्या हातात नवंकोरं कुलूप-किल्ली ठेवली. “सर, पहिलं कुलूप तुमच्या हातून.”

भाऊजी वाडीत फारसे कधी यायचे नाहीत. चारचौघांत बोलताना मी त्यांना ऐकलेलं नव्हतं. त्यांनी ते कुलूप उलटंपालटं करून पाहिलं आणि खांद्यावरच्या झोळ्यात टाकलं.

“सर... ते लावायचं आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“कायले?”

“सुरक्षेसाठी, सर.”

“तिचं नाव लिवलं ना वर?” भाऊजींनी कमानीकडे बोट दाखवलं. “मंग तिचं ऐका.” आणि ते घराकडे चालू लागले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मागे उभ्या असलेल्या कमलाबाईंनी मात्र फाटकाचं एक दार हाताने रेटून सताड उघडलं आणि आत जाऊन ओट्यावर बसल्या.

समिती दुसरं कुलूप केव्हाही आणेल, हे मला ठाऊक आहे. फाटक बघून यायच्या थांबलेल्या वस्तीतल्या सगळ्या बायाही अजून परतलेल्या नाहीत. उघडं असलं तरी फाटक ते फाटकच. त्या कमानीखालून जाताना माझी कानशिलं अजून तापतात.

परवा भाऊजींकडे गेले होते. स्वयंपाकघरात निर्मलाचा बियांचा डबा होता, आणि त्याचं ढिलं झाकण उडू नये म्हणून वर ते कुलूप.

“किल्ली कुठाय?” मी विचारलं.

“काय मालूम,” ते म्हणाले. त्यांनी कुलूप उचलून ओट्यावर ठेवलं, डबा काखेत मारला आणि पायात चपला सरकवत म्हणाले, “दोडकं कोणत्या वाफ्यात लावत होती ती, ताई? चला, दाखवा मले.”