दुधात भिजवलेल्या दशम्या

काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे. नोकरी शाळेत शिकवण्याची आणि उरलेला सगळा वेळ काळजीला. स्टोव्ह विझवला का, दाराला कडी लावली का, काल शेजारीण बोलली नाही ती का बोलली नाही. घरातले मला हसतात. हसू देत, कुणीतरी काळजी करायला हवी म्हणून तर त्यांचं बरं चाललंय.

त्या वर्षी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून होईतो माझी झोप पार उडाली. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, चार दिवस कुठेतरी शांत ठिकाणी जाऊन पडा. तर मी ठिकाण कोणतं या काळजीत पडले. मग मैत्रीण आठवली. दिवाळीत भेटली तेव्हा किती आग्रहानं म्हणाली होती, लातूरला ये, आमच्याकडं तुला कुणी उठवणारसुद्धा नाही.

ही माझी कॉलेजातली मैत्रीण. नांदेडच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एकमेकींच्या साड्या नेसलो, एका ताटात जेवलो. ती बौद्ध, मी लिंगायत. हे दोघींना माहीत होतं आणि दोघींना त्याचं कधी काही वाटलं नाही. तिचं गाव चाकूरजवळ. लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी कार्यालयं निघाली, कारकुनांच्या जागा भरल्या, त्यात तिला कचेरीत नोकरी लागली. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. तिनं लातूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आईला गावाकडून आणलं. त्या आईला मी अजून पाहिलं नव्हतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. नांदेडला गोदावरीची डबकी झाली होती, तरी नळाला पाणी येत होतं. लातूरची गोष्ट वेगळी. तिथं आठवड्यानं एकदा नळ येतो, कधी तोही येत नाही, असं आमच्या शाळेत सगळे सांगत. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. आपण जायचं म्हणजे त्यांच्या पाण्यात वाटा मागायचा. शिवाय स्वयंपाकाला पाणी, भांड्याला पाणी. मी सरळ दशम्या केल्या. दुधात पीठ भिजवलेल्या, तीन-चार दिवस टिकणाऱ्या, चांगली चळत. सोबत शेंगांची चटणी. स्वतःच्या समजूतदारपणावर मी बेहद्द खूश होते.

अहमदपूर सोडल्यावर एसटीच्या खिडकीतून पाहवत नव्हतं. रानं नुसती काळी, भेगाळलेली. एका फाट्यावर टँकर उभा होता आणि बायका पातेली घेऊन पळत होत्या. लातुरात रिक्षानं कॉलनीत शिरले तर कोरड्या नळासमोर घागरींची रांग लावलेली, माणूस एक नाही. मला वाटलं, इथूनच परत फिरावं.

मैत्रीण कचेरीत गेली होती. दारात तिची आई उभी होती, हातात तांब्या. उंच, काटक बाई, डोक्यावर पदर.

"या बाई. पायावर पानी घ्या."

मी म्हणाले, "नको मावशी, पाय स्वच्छच आहेत." मग त्यांनी प्यायला पेला आणला. घसा कोरडा पडला होता, पण आत कोपऱ्यात मला एक रांजण आणि दोनच घागरी दिसल्या. मी म्हणाले, "तहान नाही, एसटीतच प्यायले." त्यांनी पेला क्षणभर तसाच धरला. मग आत नेला आणि पाणी परत रांजणात ओतलं. आवाज मला बाहेर ऐकू आला. बरं झालं, तेवढं वाचलं, असं मला वाटलं.

संध्याकाळी मैत्रीण आली. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो, हसलो, रडलो. जेवायच्या वेळी मी डबा उघडला आणि म्हणाले, मावशी, चूल पेटवूच नका, दशम्या आणल्यात. मैत्रीण तुटून पडली. आई जवळ आल्या, एक दशमी हातात घेतली, तिचा तुकडा मोडून पाहिला.

"दुधातल्या हायेत?"

"हो, पाण्याचा थेंब नाही," मी अभिमानानं म्हणाले.

त्या "बरं" म्हणाल्या. मला भाकरच बरी, दूध सोसत न्हाई, असं म्हणून चुलीपाशी जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी माझी विश्रांती सुरू झाली. खरं म्हणजे जागा छान होती. कॉलनी नवी, घरं विरळ, दुपारी चिटपाखरू नाही. पडायला बाज, वाचायला पुस्तक. पण मला पडवेना. आंघोळीला आईंनी बादली भरून ऊन पाणी काढलं. मी त्यातून दोन तांबे घेतले आणि उरलेली बादली तशीच मोरीबाहेर आणून ठेवली. चहा नको म्हणाले, पित्त होतं असं सांगितलं. आईंचा चेहरा पडत चालला होता आणि मला कारण अगदी स्पष्ट दिसत होतं. पाहुणीचं ओझं झालंय, पाणी संपत चाललंय, बिचाऱ्या बोलत नाहीत. मग मी आणखी काटकसर करायची. तोंड धुताना मी नुसती चूळ भरली.

दुपारी मात्र तहानेनं डोकं दुखायला लागलं. फिरून येते म्हणून गंजगोलाईच्या बाजाराकडं गेले. एका मुसलमान म्हाताऱ्याचं रसाचं दुकान होतं. एक ग्लास प्यायले, दुसरा प्यायले. त्यानं "और देऊँ क्या, आपा?" विचारलं तर तिसराही घेतला. घरी आले तेव्हा आई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की बाहेर पोटभर रस पिऊन आलेय, आता माझ्यासाठी पाणी ठेवू नका.

त्यांनी वर पाहिलं नाही. "तुमची मर्जी," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून त्या माझ्याशी बोलेनात. मी हातात सूप घ्यायला गेले तर "राहू द्या, बाई." मी भांडी पुसायला उठले तर "राहू द्या." आपलं नेमकं काय चुकलं याचा मी मागचा पुढचा हिशोब लावत बसले. उद्याच परत जावं असं ठरवलं, आणि मैत्रिणीला वाईट न वाटता ते कसं सांगावं याची काळजी करत पाचच्या सुमारास तिच्या कचेरीकडं निघाले.

कचेरी भाड्याच्या जुन्या इमारतीत होती. जिल्ह्याच्या नावाची पाटी मात्र कोरी करकरीत, रंगाचा वास येणारी. मैत्रीण बाहेर आली. एरवी जिथं तिथं थांबून ओळखीच्यांशी बोलणारी, आज गप्प चालत होती. मी म्हणाले, मी उद्या निघावं म्हणतेय. ती थांबली. रस्त्याच्या मधोमध.

"माय काल रात्रीपासून एकच विचारून राहिली," ती म्हणाली. "तुझी मैत्रीण आपल्या घरचं पाणी पीत न्हाई का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दशम्या. आमच्याकडं जुनी माणसं परजातीच्या घरी जाताना दशम्याच बांधून न्यायची, कारण दुधातलं चालतं, पाण्यातलं चालत नाही. हे मी लहानपणी पाहिलेलं. आमच्या ओसरीच्या वळचणीला एक कपही वेगळा असायचा, हेही पाहिलेलं. आणि इतकं माहीत असून मी दशम्यांची चळत बांधून, पाण्याचा थेंब नाही असं त्या माउलीला तोंडानं सांगून, वर बाहेर जाऊन रस पिऊन आले होते.

मी घाईघाईनं सांगायला लागले. पाणी वाचवत होते गं, तुमचे हाल बघवेनात, तुझ्या आईंना त्रास नको म्हणून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी तिला तेच सांगितलं. माझी मैत्रीण तशी न्हाई, ती येडी हाय, काळजी करती." तिनं खांद्यावरची पिशवी सावरली. "पण खरं सांगू का? दुपारी मलाबी एक डाव वाटलं."

आजवर मला पुष्कळजण लागेलसं बोललेत. त्या वाक्याइतकं काही लागलेलं नाही. इतकी वर्षं एका खोलीत काढलेली बाई, तिलाही वाटलं. तिचं चुकलं असंही म्हणता येईना. तिनं आणि तिच्या आईनं आयुष्यभर जे पाहिलं, त्यात मी नेमकी बसत होते.

घरापर्यंतची वाट मी कशी चालले, मला आठवत नाही. डोक्यात एकच घोळत होतं, सांगायचं काय? पाणी वाचवत होते म्हणावं, तर पाहुण्याला पाणी पाजायची आमची ऐपत नाही का, असं त्यांना वाटेल. जात मानत नाही म्हणावं, तर तसं म्हणणारे त्यांनी किती ऐकले असतील. माफी मागावी, तर कशाची? माफी मागितली की संशय खरा होतो. मैत्री हातची जाते, एवढं एकच मला धडधडीत दिसत होतं.

आई चुलीपाशी होत्या. मी चपला काढल्या आणि सरळ आत रांजणापाशी गेले. मैत्रीण उंबऱ्यात थांबली. मी झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्यानंच प्यायले. घटाघटा, पदरावर सांडत. पुन्हा बुडवला. आई बघत होत्या.

"मावशी, मला तहान लागली होती," मी म्हणाले. "काल आले तेव्हापासून लागलीय."

दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं तेवढंच होतं.

त्या चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाल्या, "तहान न्हाई म्हननारे लई पाहिले मी, बाई. कुनी म्हनायचं आत्ताच पिऊन आलो. कुनी म्हनायचं आज उपास हाय. मास्तर यायचे, तलाठी यायचा. कुनाला कधी तहान लागली न्हाई आमच्या दारात."

पेला हातात तसाच. आणखी प्यावं तर नाटक वाटेल, ठेवावा तर नको म्हटल्यासारखं होईल, अशी मी तिथंही काळजी करत उभी.

"तुमी तशा असाल असं न्हाई वाटलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पोरगी सांगत व्हती. पन दशम्या बघितल्या अन् काळजात चर्र झालं माझ्या."

इतक्यात बाहेर गलका झाला. टँकर आला होता. कॉलनीतली दारं धडाधड उघडली. आई ताडकन उठल्या, फळीवरची तिसरी, जास्तीची घागर काढली आणि माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच त्यांनी मला बाई म्हटलं नाही.

"चल. पिती तर आनायलाबी चल."

रांगेत प्रचंड रेटारेटी. मी आईंच्या मागं, मैत्रीण माझ्या मागं. माझी घागर जास्तीची आहे हे पुढच्या बाईच्या लगेच लक्षात आलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईंना विचारलं, ही कोण, आणि दोघींच्या घरात तीन घागरी कशाला? मी घागर खाली ठेवणार तेवढ्यात आईंनी मागं न बघता माझं मनगट धरून मला पुढं ओढलं.

"घरचीच हाय," त्या म्हणाल्या. "पानी लई लागतं हिला."