मामांचे पाद्री

काळजी करण्यात आमच्या हिच्या मामांचा हात धरील असा माणूस ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे तरी कोणी नाही. लोक मुलाबाळांची काळजी करतात, रक्तातल्या साखरेची करतात. मामा विधुर, निपुत्रिक आणि तब्येतीने ठणठणीत. म्हणून त्यांनी काळजी करायला इंग्रज पाद्री निवडले, तेही कधीचे वारलेले. चेंबूरच्या त्यांच्या दोन खोल्यांत साहेबाच्या अँग्लिकन पंथाच्या पाद्र्यांचे आणि चर्चांचे जुने फोटो गच्च भरले होते. दाढीवाले, घोड्यावरचे, बायकोपोरांसकट, छावणीतल्या कौलारू चर्चसमोर ताठ उभे असलेले. माणूस मूळचा वेंगुर्ल्याचा, घरात गणपती, खिडकीत तुळस. चोरबाजारातून देवाच्या तसबिरीसाठी जुनी फ्रेम आणली, तर तिच्यात पहिला पाद्री निघाला. "कोणाच्या तरी घरचो कर्तो माणूस, रद्दीत कसो घालू?" असं म्हणाले, आणि त्याला सोबत हवी म्हणून पुढचे आणत गेले.

मग सुरू झाली धास्ती. ओल येईल, कसर लागेल, बुरशी धरेल. पावसाळ्यात फोटोंच्या कपाटात उबेसाठी दिवा पेटता ठेवायचे, आणि त्या दिव्याने आग लागेल म्हणून कपाटासमोर बसून राहायचे. एकदा मला त्या खोलीत शिंक येणार असं दिसताच त्यांनी माझ्या तोंडावर उशी दाबली. वर म्हणाले, "माफ करा हं जावईबापू, पण बिशप उघडे होते!"

इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा मामांची झोपच उडाली. गोवंडीला भाड्याची खोली मिळाली, सामान टेम्पोतून गेलं. पण काचेवरची चित्रं, म्हणजे फिल्म निघण्यापूर्वीच्या त्या नाजूक तावदानांची पेटी, मामा टेम्पोवाल्याच्या हाती देईनात. मांडीवर घेऊन रिक्षात बसले, शेजारी मी. प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होते. शेवटी न राहवून ओरडले, "हळू चालव रे बाबा, आत पाद्री आहेत!"

"मय्यत है क्या चाचा?" म्हणत रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला, आणि पेटीत बारीकसा 'टक्' झाला.

नव्या खोलीत पेटी उघडली. एका काचेवर चर्चच्या दारात पाद्री, त्याची बायको आणि दोन लहान मुली होत्या. तडा नेमका त्याच्या आणि त्यांच्या मधून गेला होता. "मी गप्प बसलो असतो तर काही झालं नसतं," एवढंच मामा म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

नोव्हेंबरात मी भेटायला गेलो तेव्हा जुन्या इमारतीतली त्यांची शेजारीण आली होती. ही मूळची वाकोल्याच्या जुन्या गावठाणातली कॅथलिक बाई, आता मामांच्याच गल्लीत भाड्याने राहते. मेलेल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावायचा त्यांचा दिवस होता. नवऱ्याच्या थडग्यावरूनच ती आली होती.

"एक उरली मामा. तुमच्या पाद्र्यांना लावू?"

मामा घाबरेघुबरे झाले. "पण तुम्ही कॅथलिक, हे अँग्लिकन. चालेल ना त्यांना?"

"न चालायला काय झालं? एवढ्या लांब येऊन मेले बिचारे, त्यांना इथे कोण आहे?"

मामांनी फोटो हातभर मागे सरकवले, पाण्याची बादली आणून ठेवली, मगच काडी ओढू दिली. मग मामांनी हळूच विचारलं, "बाई, वेळ आली तर... हिंदू माणसासाठी लावतात काय हो?"

"लावीन की. पण एवढी घाई कसली तुम्हाला?"

मामांचं तेवढ्याने समाधान होईना. "आणि तुमच्यासाठी कोण लावणार?"

जिवंत माणसाची काळजी करताना मामांना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मुलं आहेत ना," बाई म्हणाली, "दुबईला." आणि मेणबत्तीकडे बघत बसली.