आधी गाव विचारा

कुणी नवा इंग्रजी शब्द घोकायला लागलं की सर त्या शब्दावर बोट आडवं धरायचे. दारात अनोळखी माणूस अडवावा, तसं. आणि म्हणायचे, "थांबा. आत घेण्याआधी गाव विचारा."

शब्दाचं गाव म्हणजे त्याचं मूळ. तो लॅटिनमधून आला की ग्रीकमधून, वाटेत कुठे थांबला, त्याचे भाऊबंद कोण, हे सगळं त्यांच्या लेखी 'गाव'. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कौतुक वगैरे काही वाटलं नाही. संशय आला.

नाशिकला द्वारका चौकाजवळ आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकान नवरा बघतो, वरच्या मजल्यावरची अभ्यासिका मी. बँकेच्या, सरकारी नोकरीच्या परीक्षा देणारी मुलं महिन्याच्या भाड्याने खुर्ची घेतात आणि दिवसभर बसतात. भिंतीवर माझ्या याद्या लावलेल्या असतात. पंखा कुणी कधी बंद करायचा, डबा कुठे खायचा, फोनवर बोलायचं असेल तर जिन्यात कोणत्या पायरीच्या खाली जायचं. मुलं हसतात, पण पाळतात.

अशा ठिकाणी पंचावन्न-साठीचा एक गृहस्थ येतो आणि खिडकीजवळची खुर्ची मागतो. तुम्ही काय समजाल?

"कोणत्या परीक्षेची तयारी?" मी विचारलं.

"माझ्या परीक्षा झाल्या. नुसतं बसायचंय."

"आडनाव?"

"सर म्हणा. सगळे म्हणतात."

"मूळ गाव?"

"इथलाच."

दिलेला फोन नंबर कायम बंद. भाडं मात्र न मागता आगाऊ. आगाऊ भाडं देणाऱ्यावर नजर ठेवावी, हे मी अनुभवाने शिकले आहे. एकदा असाच एकजण विमा विकायला बसला होता आणि एकजण लग्नं जुळवायला. त्यामुळे याही माणसाबद्दलच्या शंकांची मी मनात यादी केली. क्लासचा दलाल असेल. मुलांचे नंबर गोळा करत असेल. घरी भांडण असेल. मुलींच्या शेजारी बसतो का, हेही बघायचं ठरवलं. तो बसला नाही. पण खिडकीजवळची ती खुर्ची सुजाताच्या अगदी मागे होती, संशयाला तेवढं पुरेसं होतं.

सुजाता आमची सगळ्यात जुनी. वडील सरकारी कचेरीत कारकून, घर बौद्ध कॉलनीत, स्वभाव मोजून बोलण्याचा. गणितात, तर्कात पहिली. इंग्रजीत दर वेळी काठावर अडकायची आणि त्या एका विषयामुळे सगळी परीक्षा जायची. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची बँक परीक्षा होती. तिच्या टेबलावर शब्दांच्या याद्यांची जाडजूड पुस्तकं असायची. मला ती पाहून बरं वाटायचं. याद्या म्हटल्या की मला बरंच वाटतं.

एका दुपारी तिचं 'बेनेव्होलंट म्हणजे परोपकारी, मॅलेव्होलंट म्हणजे दुष्ट' असं चाललं होतं. मागून आडवं बोट आलं.

"दोघं एकाच घरातले आहेत. गाव विचारा. 'व्होल' म्हणजे इच्छा. व्हॉलंटिअर कोण? स्वतःच्या इच्छेने येतो तो. आता एकाच्या पुढे 'बेने', चांगलं. दुसऱ्याच्या पुढे 'मॅल', वाईट. एकाची इच्छा चांगली, दुसऱ्याची वाईट. मलेरिया माहीत आहे ना? वाईट हवा. तोही त्याच वाईटाचा."

सुजाताने पुस्तक मिटलं आणि सरळ माझ्या टेबलाशी आली. "काकू, हे गृहस्थ कोण आहेत?"

"बघतेय मी."

"सारखं गाव, गाव करतात. गाव विचारणारे पुढे काय विचारतात, ते मला पाठ आहे."

मला ते समजायला वेळ लागला नाही. आपल्याकडे गावावरून आडनाव, आडनावावरून बाकीचं. मीही प्रत्येक नव्या मुलाला विचारते. मी नुसतं लिहून ठेवते, एवढंच. मी उठले आणि सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "सर, शब्दांची गावं धुंडाळता. स्वतःचं का सांगत नाही?"

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "शब्दाला गाव विचारलं तर शब्दाचं काही बिघडत नाही, मॅडम. माणसाला विचारलं की त्याच्या मागून दुसरा प्रश्न येतो. मी इथे कुणा माणसाला विचारलंय का?"

विचारलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. एकालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सुजाताने आपली खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड केलं.

माझा संशय त्यामुळे संपला असं समजू नका. मी माझं टेबल थोडं पुढे सरकवलं, इतकंच. त्यांनाही ते कळलं. एकदा मी बिलं तपासत मान खाली घालून डोळे वर करून बघत होते, तर ते मुलांना म्हणाले, "सस्पेक्ट. गाव विचारा. 'सब' म्हणजे खालून, 'स्पेक्ट' म्हणजे बघणं. खालून वर बघणं. प्रात्यक्षिक हवं असेल तर टेबलाकडे बघा."

मुलं हसली. मीही बिलातच हसून घेतलं.

"काकू पण बसा ना," कुणीतरी म्हणालं. मग मी बसायला लागले. लक्ष ठेवायला बसत होते, पण ऐकायला काय हरकत? मी मुळांचे रकाने पाडले. चांगल्या अर्थाची एकीकडे, वाईट दुसरीकडे, बघण्याची, चालण्याची, धरण्याची वेगवेगळी. ते माझा कागद बघून म्हणाले, "मॅडम, शब्द म्हणजे किराणा नाही."

"किराणा नीट लावला नाही तर मुंग्या होतात, सर."

"शब्दांना मुंग्या लागलेल्या बऱ्या. हलतात तरी."

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, आणि ते मात्र हसून म्हणत नसत. एखाद्याने फटकन मूळ ओळखलं की ते विचारायचे, "ओळखीचा वाटतोय ना? मग जास्त चौकशी करा." मुलं खट्टू व्हायची. बरोबर ओळखलं तरी शाबासकी नाहीच.

परीक्षा जवळ आली. सुजाताचं प्रवेशपत्र आलं. ती डबा खायला गेलेली असताना ते तिच्या टेबलाशी उभे होते आणि प्रवेशपत्रावरचा क्रमांक एका चिठ्ठीवर उतरवून घेत होते. मी पाहिलं. चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात घातली. माझ्या मनातल्या यादीत ही शंका सगळ्यात वर गेली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीत क्लास चालवणारे गृहस्थ दुकानात आले. सामान काहीच घेतलं नाही. "वहिनी, तुमच्याकडे वर एकजण बसतो म्हणे. आमच्याकडे होता. काढला आम्ही. एका पोराचं वाटोळं केलं त्याने. आडनाव तरी विचारलंत का? गाव?"

"विचारलं होतं."

"मग?"

"इथलेच आहेत," मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

पण वर गेल्यावर मी त्यांना जिन्यात बोलावलं. सुजाताही मागोमाग आली. मी जा म्हटलं तरी गेली नाही.

"तुम्हाला क्लासमधून काढलं होतं, हे खरं का?"

"खरं आहे."

"एका मुलाचं नुकसान केलंत?"

"तेही खरं." ते जिन्याच्या कठड्याला टेकले. "देवळा गावचा मुलगा होता. हुशार. मी त्याला मूळ धरायला शिकवलं आणि त्याला त्याचा नाद लागला. परीक्षेत शब्द आला पेडॅगॉग. त्याला 'पेड' दिसला. पेडल, पेडेस्ट्रियन. पेड म्हणजे पाय. त्याने उत्तर दिलं, पायी चालणारा. पण तो 'पेड' वेगळा. लॅटिनमधला नाही, ग्रीकमधला. मूल. लहान मुलांच्या डॉक्टरला पेडिअ‍ॅट्रिशियन म्हणतात ना, त्यातला. तेवढ्या एका उत्तराने त्याची नोकरी हुकली. आता गावाकडे कांद्याचा व्यापार करतो."

"शब्दाचा अर्थ काय होता?" सुजाताने विचारलं.

"शिक्षक."

खाली चौकात गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"फार पूर्वी ग्रीक लोकांच्या घरी एक गडी असायचा," ते म्हणाले. "मुलाला शाळेपर्यंत नेऊन पोहोचवायचा. तो पेडॅगॉग. शिकवायचा नाही. नुसता पोहोचवायचा. मला तेवढंही जमलं नाही. उद्यापासून येत नाही मी, मॅडम."

माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. क्रमांकाची चिठ्ठी मागून घ्यावी आणि नमस्कार करावा, असं मी ठरवलंही. पण सुजाता मध्ये उभी राहिली.

"काकू, परीक्षा माझी आहे. संशय घ्यायचा तर तो मी घेईन." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आणि सर, अर्ध्यात सोडलंत तर दोन पोरांचं वाटोळं होईल. या आत."

ते आले. परीक्षेपर्यंत रोज आले. त्या दिवसांत नवीन शब्द एकही घेतला नाही त्यांनी. फक्त ओळखीचे वाटणारे शब्द काढायचे आणि सुजाताला अडवायचे. ती चिडायची, वही आपटायची. ते म्हणायचे, "चिडा. पण गाव विचारूनच."

परीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची रिकामी. भाडं महिनाअखेरीपर्यंतचं भरलेलं. मी खुर्ची कुणाला दिली नाही, कारण नियम तसा आहे.

निकाल लागला. सुजाता जिना धावत चढून आली आणि माझ्यासमोर उभी राहून नुसती मान हलवत राहिली. इंग्रजीत पास होती, निवडयादीतही तिचा क्रमांक होता. "दोन शब्द अगदी ओळखीचे वाटले, काकू. मूळही सापडलं. म्हणूनच संशय आला आणि सोडून दिले, चुकलं की गुण कापतात ना. नंतर पाहिलं, तर दोन्ही चुकले असते." मग ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघून थांबली. "सरांना सांगायला हवं. कुठे राहतात ते?"

नंबर बंदच होता. क्लासवाल्याला विचारायची आमची दोघींचीही इच्छा नव्हती.

"सरांचं गाव कोणतं हो, काकू?" तिने विचारलं, आणि स्वतःच ओशाळली.

माझ्याकडे प्रत्येकाचं गाव लिहिलेलं आहे. त्यांचं नाही. पण मी हातपाय गाळून बसणाऱ्यांतली नव्हे. एक गाव आम्हाला ठाऊक होतं, त्यांचं नसलं तरी. रविवारी आम्ही एसटीने देवळ्याला गेलो. नाशिकच्या क्लासला जाऊन आलेला, आता कांद्याच्या व्यापारात असलेला मुलगा, एवढ्यावर विचारत गेलो आणि तो तासाभरात सापडला. मुलगा कसला, पोट सुटलेला बाप्या होता. गोण्यांची मोजणी थांबवून तो पुढे आला.

"सर? येतात ना. मधूनमधून येतात. हितंच गोणीवर बसतात, चहा घेतात."

"शिकवतात?"

"नाय वो. आता काय शिकवतेत. नुसतं बघून जातात, मी बरा हाय का. मी म्हनतो, सर, लय बरा हाय, तुमी उगं येता. तरी येतात." तो सुजाताकडे बघून म्हणाला, "गेल्या हप्त्यात आल्ते. लय खुशीत. खिशातनं चिठ्ठी काढली, कसला तरी नंबर. म्हने, ही पोरगी लागली. मला दोनदा वाचून दाखवला."

सुजाताने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"राहतात कुठे?" मी विचारलं.

"ते नाय बुवा विचारलं कधी." तो जरा वरमला. "चहा झाला की उठतात. स्टँडपर्यंत मोटारसायकलवर सोडतो म्हनलं तर ऐकत नाय. ते बघा, त्या रस्त्यानं जातात. पायी."